उशाला कोयता

भारतीय दंड संहितेच्या 98 व्या कलमाखाली एक छोटंसं उदाहरण होतं. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा 36 झाला, पण उदाहरण तेच राहिलं. 'क' रात्रीच्या वेळी एका घरात शिरतो. त्या घरात शिरायचा त्याला पूर्ण हक्क आहे. 'य' त्याला घरफोड्या समजतो आणि अगदी प्रामाणिकपणे तसं समजूनच त्याच्यावर धावून जातो. कायदा म्हणतो, 'य'चा काही गुन्हा नाही. आणि लगेच पुढे म्हणतो, 'क'लाही 'य'विरुद्ध स्वतःचा बचाव करायचा पुरेपूर हक्क आहे. 'य'चा गैरसमज झालाय म्हणून 'क'ने मुकाट मार खावा, असं काही नाही.

अंधारात दोन माणसं, दोघंही कायद्याने बरोबर, आणि सकाळी त्यांतला एकच उठेल अशी शक्यता. मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली मसुदा केला, 1860 साली त्याचा कायदा झाला, राज्यकर्ते बदलले, आता कायद्याचं नावही बदललं. हे उदाहरण कुणाला खोडावंसं वाटलं नाही, कारण त्यात खोडण्यासारखं काही नाही. माझी अडचण एवढीच, की या 'क' आणि 'य'ला मी प्रत्यक्ष पाहिलंय.

आमचं मूळ घर संगमनेर तालुक्यात, गावापासून लांब, मळ्यात. वस्ती म्हणजे भावकीची चार घरं, एक विहीर, दोन गोठे आणि चहूबाजूंनी ऊस नाहीतर मका. दिवसा ही जागा सुंदर असते. रात्री भारनियमनात तिथे जो अंधार पडायचा, तो शहरात वाढलेल्या माणसाला सांगून कळायचा नाही. कुत्रं भुंकलं की मोठी माणसं बोलता बोलता थांबायची आणि भुंकण्यावरून अंदाज घ्यायची, बिबट्या आहे का माणूस. बिबट्या असला तर जरा हायसं वाटायचं.

आजीच्या उशाला कोयता असायचा. उशीखाली नाही, उशाला, पातं भिंतीकडे करून, म्हणजे पोरांचा हात लागू नये. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पातं वर्षानुवर्षं कानशीने घासून मधे खोलगट झालेलं. दिवसभर तो घास कापायला, उसाचं वाढं तोडायला, नारळ सोलायला असायचा. संध्याकाळी ती तो धुऊन, पदराला पुसून आत आणायची. हे इतकं रोजचं होतं की कशासाठी, असं आम्ही कधी विचारलंच नाही. दिवाबत्ती करायची, दूध तापवायचं, कोयता उशाला ठेवायचा.

आजी माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नसे. साप निघाला तर ती पोरांना मागे घ्यायची आणि "जाऊ द्या, वाट द्या त्याला" म्हणून जागची हलायची नाही. अपवाद एकदाच पाहिला. गोठ्यात, नुकत्या व्यालेल्या गायीच्या वासराजवळ घोणस वेटोळं घालून बसली होती आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती. घरात बापई माणूस कोणी नव्हतं. आजीने फावडं उचललं आणि एकाच घावात नाही, चार-पाच घावांत तिला मारलं. शेवटचे दोन घाव गरज नसताना घातलेले होते, हे लहान असूनही माझ्या लक्षात आलं. मग तिने विहिरीवर जाऊन हात धुतले, परत आली, पुन्हा जाऊन धुतले. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "वासरू होतं ना तिथं." तुकोबांनी दयेची व्याख्या करताना भूतांच्या पालनाबरोबरच कंटकांचं निर्दालनही त्यातच घातलंय. तो अभंग तिला तोंडपाठ होता. पण त्या दिवशी तिने तो म्हटला नाही, आणि म्हणाली नाही हे मला आता बरं वाटतं.

जानेवारी 2001 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत दरोडा पडला. दरोडेखोरांनी नुसती लूट केली नाही, बायकांवर बलात्कार केले. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा त्या बातमीने हादरून गेला. कोठेवाडी आमच्यापासून खूप लांब, पण त्या दिवसांत जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तीला पुढची पाळी आपलीच वाटत होती. गस्त सुरू झाली. बापई माणसं आळीपाळीने जागायची. काठ्या, टॉर्च, एकाकडे शिट्टी. बायका आत, पण झोपलेली कोणीच नाही.

त्यातल्याच एका रात्री, दोन-अडीचच्या सुमाराला, मक्याच्या कडेला माणूस सापडला. अनोळखी. अंगात मळका स्वेटर, डोक्याला मफलर, हातात कोयता. तोंडावर टॉर्च पडल्यावर तो पळाला नाही आणि बोललाही नाही. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी पाठीत. मी ओट्यावर उभी होते. माझ्या लक्षात राहिलेत ते मारणाऱ्यांचे चेहरे नाहीत, त्यांचे श्वास. मैलभर पळून आल्यासारखे धापा टाकत होते सगळे, आणि पळालं तर कोणीच नव्हतं. "बाकीचे कुठं हायेत, बोल!" असं कोणीतरी ओरडत होतं. तो तोंड उघडायचा, पण आवाज फुटत नव्हता. बोलत नाही म्हणजे हाच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. एका चुलत्याच्या हातात कुऱ्हाड होती. त्याने ती दांड्याकडून धरली होती की पात्याकडून, यावर घरात पुढे कैक वर्षं दोन मतं होती.

आजी ओट्यावरून खाली उतरली. तिचा कोयता तिच्या हातात होता. ती थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"कोन्या टोळीचा रं तू? मुकादम कोन तुझा?"

त्याने मुकादमाचं नाव घेतलं. एवढा वेळ न फुटलेला आवाज त्या प्रश्नाला फुटला. कारखान्याचा हंगाम होता, ओढ्यापलीकडे ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या, आणि तो मुकादम चुलत्याच्या ओळखीचा होता. या माणसाचा बैल दावं तोडून गेला होता. पहाटे गाडी जुंपायची, बैल नसला तर दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून तो रात्रीच शोधायला निघाला होता. हातात कोयता होता, कारण त्याच्या हातात कोयता असतोच. आणि गाव विचारलं तर पाथर्डी तालुक्यातलं. म्हणजे जिथल्या बातमीने आमची झोप उडाली होती, तिथेच त्याचं घर होतं आणि म्हातारे आईबाप तिथे मागे राहिले होते. आमच्यापेक्षा जास्त भीती त्याच्याच पोटात असणार.

त्याला चहा दिला, खांद्याला हळद लावली. सकाळी बैल सापडला.

पुढे आजी थकली, तेव्हा एकदा मी तिला विचारलं, तू चालवला असतास का गं त्याच्यावर कोयता? "चालवला असता की," ती म्हणाली, "घरात पोरी होत्या." मग विचारत कशाला बसलीस, असं म्हटल्यावर तिने मलाच वेड्यात काढलं. "हातात होता म्हणून तर विचारायचा धीर झाला."

या उत्तराचं काय करायचं, हे मला नीट कळलेलं नाही. अहिंसेवर बोलणाऱ्यांना ते चालणार नाही आणि शस्त्राचं कौतुक असणाऱ्यांना ते अर्धंच चालेल. कारण काठ्या, कुऱ्हाड सगळ्यांच्याच हातात होती. विचारायचं सुचलं एकटीला.

सामान्य माणूस स्वतःला वाचवायला किंवा दुसऱ्याला वाचवायला कुणाला ठार करू शकेल का, हा विषय निघाला की बोलणारे लगेच दोन बाजूंना बसतात. एकाला खात्री असते, 'माझ्या पोरीला हात लावला तर तिथंच आडवा करीन.' दुसरा मान हलवतो, 'आपल्याच्यानं मुंगी मरत नाही.' दोघंही खुर्चीत बसून, पोट भरलेलं असताना, नाडीचे ठोके सत्तर-बहात्तर असताना बोलत असतात. वेळ आल्यावर निर्णय घेणारं शरीर तिथे हजरच नसतं. ते शरीर बऱ्याचदा तिसरंच काहीतरी करतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या मदत केंद्रात आलेल्या जवळपास 300 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे 70 टक्के स्त्रियांनी सांगितलं, हल्ल्याच्या वेळी शरीर लाकडासारखं झालं होतं. हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. यात भित्रेपणा नाही, संमती तर नाहीच नाही. मेंदूचा अगदी जुना भाग शरीराचा ताबा घेतो आणि सगळं बंद करून टाकतो. आमच्या मक्यातल्या त्या माणसाचा आवाज गेला होता, तोही असाच. त्याच्याही हातात कोयता होता. कायद्याने त्याला तो उगारायचा हक्क होता. पण हात वर गेलाच नाही.

या विषयावर वाचायला लागलं की अमेरिकी लष्कराच्या एस. एल. ए. मार्शलचा आकडा भेटतोच भेटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने लिहिलं की प्रत्यक्ष लढाईत शंभरातले फार तर 15 ते 20 सैनिकच शत्रूवर बंदूक चालवतात, बाकीच्यांच्याने ते होत नाही. मन सुखावणारा आकडा आहे. माणूस मुळात मारायला तयार नसतो, प्रशिक्षण दिलं तरी कचरतो, असं त्यातून निघतं. पुढे इतिहासकारांनी शोध घेतला, तर त्याने अशी पद्धतशीर मोजणी केल्याचा पुरावाच सापडला नाही. जो आकडा ऐकून आपल्याला इतकं बरं वाटतं, त्याच्याकडे मी आता जरा संशयानेच बघते.

त्यापेक्षा आपल्या माणसांनी काय केलं ते बघावं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीला सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती आणि समोर कसाबच्या हातात एके-47. ओंबळेंनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांना कसाब जिवंत पकडता आला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ते पोलीस होते, त्याआधी लष्करात होते, त्यामुळे त्यांना सामान्य माणूस म्हणायचं का यावर वाद घालता येईल. त्याच रात्री कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांच्या बाबतीत तो वाद नाही. अतिरेकी इमारतीत शिरल्यावर त्यांनी वॉर्डातल्या 20 गरोदर बायकांना आतल्या पँट्रीत नेलं, दारं लावली, दिवे मालवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोचवलं. नंतर कसाबला ओळखायलाही त्या उभ्या राहिल्या. दोघांनीही जीव पणाला लावून दुसऱ्यांना वाचवलं आणि दोघांनीही कुणाला मारलं नाही. मारायचं साधन हातात नव्हतं म्हणून, असं कोणी म्हणेल. असेल. पण वाचवणं आणि मारणं यांची आपण गप्पांमध्ये जी गाठ मारून टाकतो, ती त्या रात्री पडलेली नव्हती.

मग सामान्य माणसं मारतात कधी? आपल्याकडे, आपल्या डोळ्यांसमोर?

1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश त्या दिवसांत फोनाफोनांवर फिरत होते. कोणीतरी संशय घेतला. पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मग त्या खोलीत घुसून ठार मारलं. मोबाइलवर त्याचं चित्रीकरणही झालं. 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

मी ते चित्रीकरण पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पण एवढं मला माहीत आहे की त्या गर्दीत दरोडेखोर नव्हते, पेशाने मारेकरी नव्हते. बाजाराला आलेली माणसं होती. भाजीच्या पिशव्या, मिठाचे पुडे घेऊन आलेली. त्यांना विचारलं असतं, तुम्ही माणूस मारू शकाल का, तर बहुतेकांनी कानांवर हात ठेवले असते. आणि त्या क्षणी आपण काय करतोय असं विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं, पोरांना वाचवतोय.

माणूस मारायला किती कचरतो हा प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटतो. एकटा माणूस, खरा हल्लेखोर, खरा धोका, पळायला जागा नाही, ही वेळ फार थोड्यांवर येते, आणि आली तरी हातपाय साथ देतील याचा नेम नसतो. धोका ऐकीव असला, माणसं पुष्कळ असली, समोरचा एकटादुकटा किंवा आधीच पकडलेला असला, की मात्र हात थरथरत नाहीत. तेव्हा प्रत्येकाने एक-एकच काठी मारलेली असते. कोणाच्याच काठीने माणूस मेलेला नसतो. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर फोनवरचे संदेश नव्हते, कोठेवाडी तर पूर्ण खरी होती, आणि तरीही आम्ही राईनपाड्यापासून फार तर दोन काठ्यांच्या अंतरावर होतो.

या मांडणीला छेद देणारी एक घटना आहे आणि ती टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. 13 ऑगस्ट 2004 ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, अक्कू यादव नावाच्या गुंडाला कस्तुरबा नगरातल्या बायकांच्या जमावाने ठार मारलं. पोलिसांनी त्याला तिथे सुनावणीसाठी आणलं होतं. बायकांनी तिखट आणि चाकू बरोबर नेले होते. हा माणूस वस्तीत वर्षानुवर्षं खंडण्या उकळत होता, बलात्कार करत होता. तक्रारी झाल्या, त्याला पकडलं, तो सुटला, पुन्हा आला, हेच चक्र चालू होतं. काही बायकांना अटक झाल्यावर बाकीच्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही अटक करा, आम्ही सगळ्यांनी मारलंय. दहा वर्षांनी, 2014 मध्ये, पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले.

कायद्याच्या भाषेत हे स्वसंरक्षण नव्हे. धोका त्या क्षणीचा नव्हता, माणूस पोलिसांच्या ताब्यात होता, तयारी करून गेल्या होत्या. सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. पण त्यांनी दाद मागितली होती, आणि जिच्याकडे मागितली तीच यंत्रणा त्याला दर वेळी परत वस्तीत सोडत होती. त्या दिवशीही तो जामिनावर सुटेल हीच त्यांची भीती होती. राईनपाड्याची आणि नागपूरची गर्दी लांबून सारखी दिसते. नागपुरात मात्र बायकांना माणूस ओळखीचा होता, त्याने काय केलंय हे ऐकीव नव्हतं, अंगावर होतं. मला त्या बायकांना खुनी म्हणवत नाही. आणि 'बरं झालं' असं म्हणताना मात्र माझी जीभ अडखळते, कारण आज 'बरं झालं' म्हटलं की उद्या दुसरी गर्दी माझ्याकडे तेच ऐकायला येईल, आणि तिच्याकडे फक्त एक फॉरवर्ड असेल. यापुढे माझी मजल जात नाही.

मेकॉलेला या देशातल्या माणसांबद्दल उलट तक्रार होती. मसुद्याबरोबरच्या टिपांमध्ये त्याने लिहिलंय की इथले लोक दरोडेखोरांचे अत्याचार फार सोशिकपणे सहन करतात, तेव्हा बचावाच्या हक्कावर बंधनं घालण्यापेक्षा त्यांच्यात मर्दानी धमक जागवलेली बरी. साहेबाचा तोरा सोडून देऊ. त्याने हक्क मात्र ऐसपैस दिला. फक्त स्वतःच्या नाही, कुणाही परक्याच्या शरीराच्या रक्षणासाठी. रस्त्यावर कुणा अनोळखी बाईवर हल्ला होत असेल तर तिच्यासाठी उभं राहायचा माझा हक्क तितकाच आहे, जितका तिचा स्वतःचा. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला, अशा सात प्रकारच्या हल्ल्यांत समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. अ‍ॅसिड 2013 मध्ये जोडलं गेलं. सूर्यास्तानंतरची घरफोडीही संपत्तीच्या रक्षणाखाली त्यात बसते. मुख्य अट ही, की गरजेपेक्षा जास्त इजा नको. आणि ही गरज सोन्याच्या काट्यावर तोलायची नाही, असं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलंय, कारण ज्याच्या अंगावर कोणी धावून आलंय तो हिशेब करत बसणार नाही.

ही सगळी कलमं मला भाच्यामुळे वाचावी लागली. तो आता वस्तीवर राहतो, शेती बघतो. शिकलेला आहे, समजूतदार आहे. "आत्या, वेळ आली तर मारता येतं ना आपल्याला?" असं त्याने फोनवर विचारलं, अगदी पीकविम्याची तारीख विचारावी तसं. मी त्याला सगळं वाचून दाखवलं आणि मग पुढचंही सांगितलं. कलम काहीही म्हणो, माणूस मेल्यावर गुन्हा आधी खुनाचाच दाखल व्हायची शक्यता जास्त. अटक होऊ शकते, वकील बघावा लागतो, तारखा लागतात. बचावासाठी मारलं, हे दाखवायचं ओझं मारणाऱ्यावर. सरकारी पक्षाला लागतो तेवढा पक्का पुरावा त्याला द्यावा लागत नाही, पण काहीतरी पटेल असं पुढे ठेवावं लागतं. मर्यादा ओलांडली असं ठरलं तर खून नाही पण सदोष मनुष्यवध. आजीचे घोणशीवरचे ते शेवटचे दोन घाव माणसावर पडले असते, तर कोर्टात त्या दोन घावांवरच सगळी उलटतपासणी झाली असती.

"तू गांधीवाली आहेस," तो म्हणाला.

गांधींचं नाव काढलंसच म्हणून सांगते, मी म्हटलं. 1908 मध्ये जोहान्सबर्गला त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. मोठ्या मुलाने पुढे विचारलं, मी तिथे असतो तर काय करायला हवं होतं? पळून जायचं, बघत बसायचं, की बळ वापरून तुम्हाला वाचवायचं? गांधींनी सांगितलं, बळ वापरूनही मला वाचवणं तुझं कर्तव्य होतं. 1920 मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी हे लिहून ठेवलंय, आणि भ्याडपणा व हिंसा यांतलंच एक निवडायचं असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन, असंही. भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मग अडचण काय आहे?"

अडचण त्याच्याच फोनमध्ये आहे, पण ते त्याला पटवणं अवघड आहे. आमच्या भागात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, की एका टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या आवाजात निरोप द्यायचा. परिसरातल्या नोंद झालेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि तोच आवाज त्यांना ऐकू येतो. फार उपयोगाची गोष्ट आहे. वस्तीवरच्या एकट्या म्हातारा-म्हातारीला याहून मोठा आधार नाही, आणि आजी असती तर तिने पहिल्या दिवशी नाव नोंदवलं असतं. पण मला राहून राहून तो ऊसतोडीवाला आठवतो. त्या रात्री आमची सात-आठ माणसं होती. आज त्याच मक्याच्या कडेला तो सापडला, तर दहा मिनिटांत दोनशे येतील, गाड्या घेऊन. मागून आलेल्यांना पुढे काय चाललंय ते दिसणारही नाही.

"असं काही होत नाही आत्या," भाचा म्हणतो. "उलट माणसं जमली की चोर पळून जातात. मारायची वेळच येत नाही." हेही खरं आहे. पोलीस ठाणं तालुक्याला, रस्ता खडीचा, मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर सुरक्षारक्षक असलेल्या इमारतीत. मला बोलायला काय जातंय, असं तो म्हणत नाही, पण म्हणाला तर चुकीचं नाही.

गेल्या वेळी वस्तीवर गेले तेव्हा त्याने शस्त्र परवान्याचा अर्ज पुढे ठेवला. "तुझं अक्षर चांगलंय, तूच भर." परवाना कशासाठी हवा ते लिहायचं होतं. तो म्हणाला, स्वसंरक्षण लिही. मी 'पीक संरक्षण' लिहिलं. रानडुकरांनी यंदा मका खरंच लोळवलाय, पंचनामा झालाय, तेव्हा खोटं काही नव्हतं. त्याने वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पुढे स्वतःच्या अक्षरात 'व स्वसंरक्षण' जोडलं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात गेलाय, पोलिसांचा अहवाल अजून यायचाय. चौकशीला आले तर काय सांगायचं, हे चुलत्यांनी आपसात ठरवून ठेवलंय.